गो-कार्टचा वेग: आधी दाते मोजा, मग इंजिन उघडा

गो-कार्ट अधिक वेगाने पळवायची म्हटले की बहुतेकांचा हात आधी इंजिनाकडे जातो. एअर फिल्टर बदलायचा, सायलेन्सर कापायचा, गव्हर्नर (इंजिनाच्या फेऱ्या ठरावीक मर्यादेत ठेवणारी यंत्रणा) काढून टाकायचा, हेड घासून घ्यायचे, अशी यादी तोंडपाठ असते. पण मागच्या ॲक्सलवरच्या स्प्रॉकेटला, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाला, किती दाते आहेत, हे विचारले तर खाली वाकून मोजावे लागतात. माझे मत याच्या नेमके उलट आहे. स्प्रॉकेटची जोडी ट्रॅकला जुळत नसेल, तर इंजिनावर केलेला खर्च चेनपर्यंत येऊन वाया जातो, आणि जोडी नीट जुळलेली असेल, तर इंजिनाला फारसे काही करावेच लागत नाही.

कोल्हापुरात हा विषय निघायला निमित्त लागत नाही. इथल्या मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय रोटॅक्स मॅक्स कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झालेल्या आहेत, आणि शिवाजी उद्यमनगरात लेथ, मिलिंग, गिअर कटिंग असे सगळे हाकेच्या अंतरावर असल्यामुळे घरच्या घरी कार्ट जोडणाऱ्यांची इथे वाण नाही. मी ज्या कार्टच्या आधारे हे लिहितो आहे, ती आमच्याच शेडमध्ये उभी राहिली. चासी पोलादी नळीची, मागचा ॲक्सल अखंड, क्लच सेंट्रिफ्यूगल, म्हणजे फेऱ्या वाढल्या की आपोआप पकडणारा, आणि इंजिन होंडाचे जीएक्स १६०, म्हणजे आपल्याकडे शेतातल्या पाण्याच्या पंपावर आणि वीडरवर दिसते तेच. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स यांनी पहिली कार्ट जोडली, तेव्हा त्यांनीही गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन वापरले होते. त्यामुळे शेतीच्या इंजिनावर कार्ट पळवण्यात कमीपणा वाटण्याचे काही कारण नाही. कार्ट चालवतो माझा पुतण्या, आणि सूचना बहुधा मी देतो.

या इंजिनाचे आकडे सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचा सगळा हिशेब त्यांवर उभा आहे. घनक्षमता १६३ सीसी, बोअर ६८ मि.मी., स्ट्रोक ४५ मि.मी. मिनिटाला ३,६०० फेऱ्यांवर ते सुमारे ४.८ अश्वशक्ती देते आणि त्याचा सर्वाधिक टॉर्क (फिरवण्याचा जोर), १०.३ न्यूटन-मीटर, २,५०० फेऱ्यांच्या आसपास मिळतो. म्हणजे हे इंजिन खालून ओढणारे आहे, वर किंचाळणारे नाही, आणि गिअरिंग ठरवताना त्याचा हा स्वभाव विसरून चालत नाही.

आता दात्यांकडे वळू. क्लचवरच्या पुढच्या स्प्रॉकेटला १२ दाते आणि ॲक्सलवरच्या मागच्या स्प्रॉकेटला ६० दाते असतील, तर गुणोत्तर ५ होते. इंजिनाच्या ५ फेऱ्यांमागे चाकाची एक फेरी. चाकाचा परीघ टायरवर छापलेल्या मापावरून काढू नये. ११ इंची टायरचा परीघ कागदावर ८८ सेंटीमीटरच्या जवळ येतो, पण माणूस बसला की टायर दबतो. चालकाला हेल्मेटसह सीटवर बसवावे, टायरवर आणि खालच्या फरशीवर खडूची रेघ मारावी, कार्ट हाताने ढकलत चाकाची नेमकी एक फेरी पुरी करावी आणि दोन रेघांमधले अंतर फितीने मोजावे. आमच्या टायरसाठी हे अंतर ८६ सेंटीमीटर भरले. मग इंजिनाच्या फेऱ्यांना गुणोत्तराने भागून परिघाने गुणले की मिनिटाला किती मीटर ते कळते, आणि त्याला ६० ने गुणून १,००० ने भागले की ताशी किलोमीटर. ३,६०० फेऱ्या, गुणोत्तर ५ आणि परीघ ०.८६ मीटर यांवरून ताशी ३७ किलोमीटर येतात. गव्हर्नर शाबूत असेल आणि क्लच घसरत नसेल, तर या जोडीवर कार्ट यापेक्षा फार पुढे जाणार नाही, मग चालक कोणीही असो.

३७ चा आकडा ऐकून पुतण्याचा चेहरा उतरला आणि त्याने लगेच ४४ दात्यांचे मागचे स्प्रॉकेट आणले. गुणोत्तर ३.६७ झाले, कागदावरचा वेग ताशी ५० च्या पुढे गेला आणि स्टॉपवॉचवर लॅपचा वेळ मात्र वाढला. पिटमध्ये येऊन त्याने हेल्मेट काढले आणि म्हणाला, "काका, वळणातनं गाडी उठतच नाही बघा. रेस पूर्ण दाबलीय, आवाज येतोय, पण ओढ नाही." क्लचच्या ड्रमला हात लावण्याची सोय नव्हती, इतका तो तापलेला होता, आणि त्याच्या कडेवर निळसर झाक उतरली होती. असे का झाले, ते आकड्यांतच दिसते. आमच्या ट्रॅकवरच्या सर्वांत घट्ट वळणात कार्ट ताशी साधारण २२ किलोमीटरपर्यंत मंदावते. तेव्हा चाकाच्या मिनिटाला ४२६ फेऱ्या होत असतात. गुणोत्तर ५ असेल तर इंजिन २,१३० च्या आसपास फिरते, ४.५ असेल तर १,९२० च्या आसपास आणि ३.६७ असेल तर जेमतेम १,५६० वर येते. आमचा क्लच २,००० च्या सुमारास पकडू लागतो. म्हणजे ४४ दात्यांवर वळणातून बाहेर पडताना क्लच सारखा घसरत होता आणि इंजिनाची ताकद ड्रम तापवण्यात खर्ची पडत होती.

चाकाशी मिळणाऱ्या ओढीचा हिशेबही तितकाच बोलका आहे. १०.३ न्यूटन-मीटर टॉर्क ५ ने गुणून चाकाच्या त्रिज्येने भागला, तर चाक रस्त्याला सुमारे ३८ किलोच्या जोराने मागे ढकलते, ३.६७ वर हाच जोर २८ किलोवर येतो. माणसासह कार्टचे वजन १५० किलोच्या आसपास असताना १० किलोचा जोर कमी होणे म्हणजे प्रत्येक वळणानंतर थोडे थोडे मागे पडणे. लहान, वळणावळणाच्या ट्रॅकवर लॅपचा बराचसा वेळ अशा बाहेर पडण्यातच जातो; सरळ पट्ट्यावरचा कमाल वेग टिकतो तो क्षणभर. म्हणून 'कार्टचा टॉप किती?' हा प्रश्न मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. सर्वांत लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी इंजिन किती फेऱ्यांवर पोचते आणि सर्वांत मंद वळणात किती फेऱ्यांपर्यंत उतरते, हे दोन आकडे ज्याच्या वहीत आहेत, त्याला गिअरिंग कळले असे मी मानतो.

हे दोन आकडे मिळवायला महागडी सामग्री लागत नाही. प्लगच्या वायरभोवती तार गुंडाळून चालणारा छोटा टॅकोमीटर पुरतो. त्यातला सर्वांत मोठा आकडा लक्षात ठेवणारा प्रकार घ्यावा, कारण सरळ पट्ट्याच्या शेवटी चालकाने डोळे ब्रेकिंगच्या खुणेवर ठेवायचे असतात, मीटरवर नव्हे. पट्ट्याच्या निम्म्यातच इंजिन गव्हर्नरला जाऊन टेकत असेल आणि उरलेला अर्धा पट्टा तसेच घोंगावत जात असेल, तर गुणोत्तर फार मोठे आहे, मागचे दाते कमी करावेत. पट्टा संपला तरी इंजिन ३,२०० च्या वर सरकत नसेल, तर गुणोत्तर फार लहान आहे, मागचे दाते वाढवावेत. ब्रेक मारण्याच्या जरा आधी गव्हर्नर लागतो न लागतो अशी अवस्था आली की जोडी जमली. आमच्या बाबतीत ती १२ आणि ५४ वर, म्हणजे ४.५ वर जमली. कागदावरचा कमाल वेग फक्त ताशी ४१ किलोमीटर, आणि तरीही ३७ व ५० या दोन्ही जोड्यांपेक्षा लॅप जलद.

दाते बदलताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: पुढचा एक दात आणि मागचा एक दात यांची किंमत सारखी नसते. १२ आणि ६० च्या जोडीत पुढे एक दात वाढवला की गुणोत्तर ५ वरून ४.६२ वर येते, आणि तेवढाच फरक मागून साधायचा तर सुमारे ५ दाते कमी करावे लागतात. जेवढे गुणोत्तर, साधारण तेवढे मागचे दाते म्हणजे पुढचा एक दात. त्यामुळे मोठी उडी पुढून घ्यावी आणि बारीक जुळवणी मागून करावी. पुढचे स्प्रॉकेट मात्र फार लहान करू नये. चेन गोल फिरत नाही, ती दात्यागणिक मुडपत जाते. १२ दात्यांवर तिच्या वेगात प्रत्येक दात्यामागे सुमारे ३.४ टक्क्यांचा चढउतार होतो, १० दात्यांवर तो जवळपास ५ टक्क्यांवर जातो. ५ हेच गुणोत्तर १० आणि ५० ने मिळते तसे १२ आणि ६० नेही मिळते; जागा असेल तर दुसरी जोडी घ्यावी, चेन कमी तापते आणि जास्त टिकते.

जागा असेल तर, असे म्हटले, कारण कार्ट जमिनीपासून बोटभर उंचीवर धावते. आमच्याकडे अनेक मुले मोटरसायकलची ४२८ ची चेन वापरतात. ती कुठल्याही दुकानात मिळते आणि स्वस्त पडते. पण तिच्या दोन पिनांमधले अंतर १२.७ मि.मी. असते. या मापात ६० दात्यांचे स्प्रॉकेट केले तर त्याचा व्यास २४३ मि.मी. येतो, चेनची जाडी धरून ते जमिनीपासून जेमतेम सेंटीमीटरभर वर राहते आणि पहिल्याच कर्बला घासते. हेच ६० दाते ९.५२५ मि.मी. पिचच्या ३५ नंबर चेनवर घेतले, तर व्यास १८२ मि.मी. होतो आणि खाली चार सेंटीमीटर मोकळे राहतात. शर्यतीच्या कार्टवर २१९ ची, म्हणजे सुमारे ७.८ मि.मी. पिचची चेन असते ती याचसाठी. तिच्यावर ८० हून अधिक दाते सहज बसतात आणि एका दाताने होणारा बदल सव्वा टक्क्याइतका बारीक ठेवता येतो. मोटरसायकलचे इंजिन लावणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. त्या इंजिनाच्या पोटात गिअरबॉक्स असतो, फेऱ्यांची बरीचशी कपात आतच होते आणि बाहेर ३ च्या आसपासचे गुणोत्तरही पुरते, त्यामुळे तिथे ४२८ ची चेन खुशाल चालते.

टायर झिजला की गिअरिंग आपोआप बदलते, याकडे फार थोड्यांचे लक्ष असते. व्यास चार-पाच मिलीमीटरने कमी झाला तर परीघ दीड टक्क्याहून अधिक घटतो, आणि मागे एक दात वाढवल्यासारखा परिणाम होतो. टायर नवा टाकल्यावर 'इंजिन मंद पडले' अशी तक्रार येते ती बहुतेक वेळा याच कारणाने. हवेचा दाबही थोडाफार हाच खेळ करतो. म्हणून वहीत दात्यांच्या शेजारी टायरचा परीघ आणि दाब लिहून ठेवावा, नाहीतर महिन्याभरापूर्वीच्या नोंदीचा आज काहीच अर्थ लागत नाही.

जी कार्ट वळणातून उठत नाही, तिचा दोष दरवेळी दात्यांचाच असतो असेही नाही. कार्टला डिफरन्शियल नसते. दोन्ही मागची चाके एकाच ॲक्सलवर घट्ट बसलेली असतात, त्यामुळे वळणात आतल्या आणि बाहेरच्या चाकाला वेगवेगळे अंतर कापायचे असूनही दोघे सारखेच फिरतात. यावर कार्टमधला तोडगा असा की, स्टिअरिंग वळवले की पुढची चाके ज्यांवर वळतात त्या कलत्या खिळ्यांमुळे (किंगपिन) आतले पुढचे चाक खाली दाबले जाते आणि आतले मागचे चाक किंचित उचलले जाते. ते उचलले गेले नाही, तर दोन्ही मागची चाके एकमेकांशी भांडत फरफटतात आणि इंजिनाच्या फेऱ्या धाडकन खाली येतात. अशा वेळी मागे दोन-चार दाते वाढवले की त्रास झाकला जातो, पण सरळ पट्ट्यावर त्याची किंमत मोजावी लागते. चासी फार मऊ असणे, सीट चुकीच्या जागी असणे, मागच्या दोन चाकांमधले अंतर फार जास्त असणे, अशी याची कारणे असतात, आणि ती तिथेच दुरुस्त करायची असतात. वळणातून बाहेर पडताना रबराच्या जाड काळ्या दोन रेघा रस्त्यावर उमटत असतील, तर आधी चासीकडे पाहावे.

तसेच फुकटात मिळणारा वेगही आधी घ्यावा. कार्ट स्टँडवर ठेवून, चेन काढून, मागचा ॲक्सल हाताने फिरवावा. तो चांगला वेळ फिरत राहिला पाहिजे. दोन फेऱ्यांतच थांबत असेल तर बेअरिंग जाम आहे, ॲक्सल वाकलेला आहे किंवा ब्रेकचा पॅड डिस्कला घासतो आहे. चेन लावल्यावर दोन्ही स्प्रॉकेटच्या तोंडावर सरळ पट्टी टेकवून ती एका रेषेत आहेत का ते पाहावे आणि चेनला मधोमध बोटाने दाबून साधारण १० ते १५ मि.मी. ढील ठेवावी. तंग चेन बेअरिंग खाते, सैल चेन उतरते. पुढच्या चाकांचा टो, म्हणजे सरळ रेषेपासून आत-बाहेर वळलेपणा, बिघडलेला असेल तर कार्ट सरळ रस्त्यावरही टायर घासत चालते. ४.८ अश्वशक्तीच्या इंजिनाला यांतली प्रत्येक गोष्ट जाणवते.

हे सगळे झाल्यावर इंजिन उघडावे, आणि तिथेही क्रम पाळावा. पहिले काम टॅपेटचे, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटीचे. थंड इंजिनात इनलेटला ०.१५ मि.मी. आणि एक्झॉस्टला ०.२० मि.मी. फट हवी, ती फिलर गेजने तपासावी. प्लगची फट ०.७ ते ०.८ मि.मी. ठेवावी. एअर फिल्टर धुऊन किंवा बदलून घ्यावा. बऱ्याच जुन्या इंजिनांची 'हरवलेली' ताकद एवढ्यावर परत येते, आणि खर्च येतो तो चहापाण्याचा.

त्यानंतर हवेचा आणि पेट्रोलचा मेळ. मोकळा फिल्टर आणि मोकळा एक्झॉस्ट लावला की इंजिन जास्त हवा ओढते, आणि मेन जेट, म्हणजे कार्बुरेटरमधले पेट्रोल मोजून सोडणारे भोक, जुनाच राहिला तर मिश्रणात पेट्रोल कमी पडते. असे इंजिन सुरुवातीला चुणचुणीत वाटते, मग तापते आणि लांब पट्ट्यावर अडखळू लागते. जेट बदलल्यावर पूर्ण रेसवर एक पट्टा मारून, इंजिन तिथेच बंद करून प्लग काढून पाहावा. टोकाचे चिनीमातीचे अंग फिकट तपकिरी, भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचे हवे. पांढरे फटक असेल तर पेट्रोल कमी, काजळी धरलेले असेल तर जास्त. टू-स्ट्रोक इंजिनात पांढऱ्या प्लगकडे दुर्लक्ष केले की पिस्टनला भोक पडते, कारण तिथे वंगणही पेट्रोलबरोबरच येते.

आता बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, त्याचाही हिशेब कार्बुरेटरवाल्यांना करावाच लागतो. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. मिश्रणासाठी हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला सुमारे ८ ते ९ टक्के इंधन जास्त द्यायला हवे. नव्या मोटारगाडीत हे काम संगणक करतो. आपल्या कार्बुरेटरला कोणी सांगत नाही. जेटच्या भोकाचा व्यास ४ टक्क्यांनी वाढला की क्षेत्रफळ ८ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे एक-दोन नंबर मोठा जेट घेतला की भागते. भोक घरच्या ड्रिलने मोठे करण्याचा उद्योग मात्र करू नये. ते वाकडे जाते आणि मग कुठल्याच नंबराचा जेट आपल्याकडे उरत नाही. कार्ट आठवडाभर उभी राहणार असेल तर फ्लोट बाऊल (कार्बुरेटरमधली पेट्रोलची वाटी) रिकामा करून ठेवावा, कारण इथेनॉल हवेतले पाणी धरून ठेवते.

हवाही सगळीकडे आणि सगळ्या वेळी सारखी नसते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, त्यामुळे कोकणपट्टीपेक्षा इथली हवा सुमारे ५ टक्के विरळ. उन्हाळ्यात सकाळी १८ अंश आणि दुपारी ३६ अंश तापमान असेल, तर एकाच दिवसात आणखी ६ टक्क्यांचा फरक पडतो. सकाळी उत्तम चालणारा जेट दुपारी जड वाटतो तो यामुळे.

आता गव्हर्नर. स्वस्तात वेग वाढवायचा सर्वाधिक सांगितला जाणारा उपाय हाच, आणि त्याबद्दल माझे मत कडक आहे. गव्हर्नर काढला की हे इंजिन ५,००० च्या पलीकडे फिरू शकते हे खरे. पण त्याची कनेक्टिंग रॉड आणि बिडाचा फ्लायव्हील ३,६०० फेऱ्यांच्या कामासाठी बनवलेले आहेत. फिरणाऱ्या आणि वरखाली होणाऱ्या भागांवरचा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ३,६०० वरून ५,५०० वर गेलात तर फेऱ्या दीडपट होतात आणि ताण २.३ पट. रॉड तुटली तर क्रँककेस फोडून बाहेर येते, फ्लायव्हील फुटला तर त्याचे तुकडे चालकाच्या बरगड्यांच्या उंचीवर उडतात, कारण कार्टमध्ये इंजिन त्याच्या शेजारीच असते. ज्यांना खरोखरच वर फिरवायचे आहे, त्यांनी आधी पोलादी किंवा बिलेट फ्लायव्हील, फोर्ज्ड रॉड आणि कडक व्हॉल्व्ह स्प्रिंग यांचे पैसे बाजूला काढावेत आणि मग गव्हर्नरला हात लावावा. वंगणाचेही तसेच: या इंजिनात तेलाचा पंप नाही, रॉडच्या खालच्या टोकाची पळी तेल उडवते. तेल कमी असेल आणि लांब वळणात ते एका बाजूला साचले, तर पळी कोरडी फिरते.

शिवाय वाढवलेल्या ताकदीतून सरळ पट्ट्यावर मिळणारा लाभ फारच तुटपुंजा असतो. हवेचा अडथळा तोडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. त्या अडथळ्यापुरते बोलायचे तर वेग १० टक्के वाढवायला शक्ती ३३ टक्के जास्त हवी, आणि २० टक्क्यांसाठी सुमारे ७३ टक्के. कार्ट उघडी, चालक वाऱ्याच्या तोंडावर बसलेला. सरळ पट्ट्यावर त्याने कोपरे आत घेऊन थोडे खाली वाकणे हेही एका दाताच्या तोलाचे काम करते.

इंजिनाआधी दाते, याचा पुरावा शर्यतीच्या जगात आयता मिळतो. रोटॅक्स मॅक्सचे १२५ सीसी टू-स्ट्रोक इंजिन सीनिअर वर्गात ११,५०० फेऱ्यांवर सुमारे ३० अश्वशक्ती देते. १३,००० फेऱ्यांवर त्याच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २३ मीटरच्या वर असतो. आमच्या जीएक्सचा ३,६०० वर जेमतेम साडेपाच. इतके तापट इंजिन असूनही ते स्पर्धेत सीलबंद असते आणि स्पर्धकाला ते उघडता येत नाही. त्याच्या हातात उरतात स्प्रॉकेट, जेट, टायरचा दाब आणि चासी. पुढे १२ आणि मागे ८० अशा जोडीवर १३,००० फेऱ्यांना ताशी १०० किलोमीटर येतात, आणि तिथले मेकॅनिक एका सत्रातून दुसऱ्या सत्रात जाताना मागचा एक दात इकडचा तिकडे करण्यावर जेवढा वाद घालतात, तेवढा आपल्याकडे गव्हर्नरवरही होत नाही.

पुतण्या आता १२५ सीसीच्या मोटरसायकलचे इंजिन बसवायचे म्हणतो आहे. माझी हरकत नाही, पण अट घातली आहे की आधी ब्रेक. ताशी ४० वरून ६० वर गेले की थांबवायची ऊर्जा सव्वादोन पट होते, आणि आमची मागची एकुलती एक डिस्क सध्याच लांब सत्रानंतर वास मारते. मोठी डिस्क, नवी मास्टर सिलिंडर आणि चेनवर पूर्ण झाकण, कारण ओढणी, मफलर आणि मोकळे केस फिरत्या ॲक्सलमध्ये जाण्याचे प्रकार कार्टच्या ट्रॅकवर झालेले आहेत. ब्रॅकेटचे माप मिस्त्रींकडे दिले आहे. ते आले की इंजिनाच्या गिअरबॉक्समधली गुणोत्तरे दाते मोजून कागदावर मांडायची, आणि त्यानंतरच मागच्या स्प्रॉकेटची ऑर्डर द्यायची.